सव्वा ते पावणेतीन लॉऱ्या

चेन्नईत गरम पाण्याचं कुणाला कौतुक नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात इथे ‘अग्नि नक्षत्रम्’ लागतं आणि महिना सरत आला तरी उठायचं नाव घेत नाही. त्या दिवसांत दुपारी दोनला नळ सोडला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं जे पाणी येतं, त्यात डाळ भिजत घातली तर ती भिजायचं सोडून शिजायलाच लागेल. गार पाण्याची अंघोळ हवी असेल तर आदल्या रात्री बादल्या भरून ठेवाव्या लागतात. अशा गावातलं एक बऱ्यापैकी शहाणं जोडपं विमानाची तिकिटं काढून, पृथ्वीला अर्धा वळसा घालून, जमिनीतून उकळतं पाणी कसं वर येतं ते बघायला जातं, हे समोरच्या फ्लॅटमधल्या मामींना काही केल्या पटेना. ‘तण्णी पाक्कवा?’ त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. पाणी बघायला? मी मान डोलावली. मग त्यांनी खरा चेन्नईकराचा प्रश्न विचारला, तिथे पाणी रोज येतं का?

रोज येतं, मामी. दर दीड तासाने येतं.

(जमिनीतून असं उसळणाऱ्या पाण्याला गीझर म्हणतात, आणि या शब्दावरचे सगळे विनोद माझ्या दिरांनी व्हॉट्सअॅपवर आधीच संपवले आहेत. आमच्या बाथरूममधल्या गीझरचा निरोपाचा फोटोही त्यांनी मागवला होता. ते पुन्हा इथे देत नाही.)

आमच्या ह्यांचं आणि पाण्याचं नातं जरा वेगळं आहे. आम्ही राहतो तोरैपाक्कमला, ओएमआरवर. काचेच्या उंच उंच आयटी कंपन्या असलेला हा रस्ता जगाच्या नकाशावर गेला, पण त्याच्या काठच्या कित्येक इमारती वर्षानुवर्षं लॉरीच्या पाण्यावर जगल्या. आपण टँकर म्हणतो, चेन्नईत त्याला तण्णी लॉरी म्हणतात. आणि हे आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. असोसिएशनच्या सेक्रेटरीला इतर कामंही असतात असं घटनेत लिहिलंय म्हणे, पण मुख्य काम एकच, लॉरीची वाट बघणं. त्यासाठी ह्यांची एक फुलस्केप वही आहे. तारीख, लॉरीचा नंबर, कबूल केलेली वेळ, आलेली वेळ, किती लिटर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच वाक्य आहे: ‘पत्तु निमिषम् म्हणाला.’ पत्तु निमिषम् म्हणजे दहा मिनिटं. चेन्नईतला प्रत्येक लॉरीवाला, तो तांबरमला असो की तिरुवळ्ळूरला, कायम दहा मिनिटांच्या अंतरावर असतो.

२०१९च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे चेन्नईला पाणी पाजणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जोलारपेट्टैहून पाणी भरलेल्या रेल्वेगाड्या आल्या. त्या वर्षी ह्यांच्या वहीचे दोन खंड झाले. पुढच्या वर्षी लॉकडाउन लागला, रस्ते मोकळे झाले, लॉऱ्या सांगितलेल्या वेळेला यायला लागल्या आणि एका कर्तबगार माणसाच्या हाताला कामच उरलं नाही. अशा उदास दिवसांत ह्यांना तो कॅमेरा सापडला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुल नावाच्या गीझरसमोर एक कॅमेरा लावून ठेवला आहे. घरबसल्या कुणालाही बघता येतो. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजले की तिकडे सकाळचे साडेदहा. हे जेवून, पान खाऊन, फुलस्केप वही उघडून बसायचे. कोपऱ्यात पुढच्या उद्रेकाची अंदाजी वेळ दिलेली असते, दहा मिनिटं अलीकडे किंवा पलीकडे. ‘पत्तु निमिषम्!’ हे ओरडले. ‘पण हा पाळतो गं!’

त्या रात्रीच मला कळून चुकलं की आता अमेरिका टळत नाही.

चेन्नईतून अमेरिकेला जायचं तर दोन जागी हजेरी लावावी लागते. एक जेमिनी पुलाजवळच्या अमेरिकन वकिलातीत आणि त्याआधी विमानतळाजवळ पळवंतांगलला, विसा गणपतीच्या देवळात. लोक पासपोर्ट घेऊन येतात, देवापुढे ठेवतात, नारळ फोडतात. आपल्या बाप्पाकडे विद्या आणि विघ्नं ही दोन खाती आहेत हे लहानपणापासून ठाऊक होतं. परराष्ट्र खातंही त्याच्याकडेच असल्याचं मद्रासला येईपर्यंत कुणी बोललं नव्हतं. मी अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारचा इंजिनिअर मुलगा तमिळमध्ये काहीतरी म्हणत होता. बाप्पाने दोन्ही अर्ज एकाच टेबलावर घेतले असणार. वकिलातीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याने ह्यांना विचारलं, अमेरिकेत काय बघणार? ह्यांनी ओल्ड फेथफुलच्या दोन उद्रेकांमधलं सरासरी अंतर सांगायला सुरुवात केली, ते अंतर गेल्या काही दशकांत कसं वाढत गेलं तेही सांगितलं, आणि वही दाखवू का म्हणून विचारलं. विसा तात्काळ मिळाला. मागे रांग मोठी होती.

यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी कायद्यावर सही केली. क्षेत्रफळ सुमारे ८,९८३ चौरस किलोमीटर. आम्हाला राष्ट्रीय उद्यान म्हणजे गिंडी. ते चेन्नईच्या ऐन पोटात आहे, एका बाजूला राजभवन, दुसऱ्या बाजूला आयआयटी, आणि मध्ये काळवीट. क्षेत्रफळ २.७ चौरस किलोमीटर. यलोस्टोनमध्ये गिंडी तीन हजार तीनशे वेळा बसेल आणि तरी पार्किंगला जागा उरेल, असा हिशेब ह्यांनी विमानात केला. सीट रुमालाएवढी होती, त्यामुळे क्षेत्रफळाचा विचार मनात येणं साहजिक होतं.

मुलगी सॉल्ट लेक सिटीला असते. तिला आणि जावयांना रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. ‘बाबा, आमची गाडी नको, भाड्याची घ्या, तिचा विमा चांगला असतो,’ असं जावयांनी इतक्या मायेने सांगितलं की वाईट वाटायलासुद्धा थोडा वेळ लागला. गाडी ऑटोमॅटिक. ह्यांच्या डाव्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाली आणि तो बिचारा दिवसभर क्लच शोधत राहिला. तिकडे इंडिकेटरची दांडी डावीकडे आणि वायपरची उजवीकडे, त्यामुळे युटाच्या लख्ख उन्हात आम्ही प्रत्येक वळणावर काच पुसून घेत होतो. मागचे लोक हॉर्न वाजवत नसत, मुकाट थांबत. ह्यांना त्याचाच जास्त ताप झाला. ‘काहीतरी बोलायचं ना माणसाने,’ असं म्हणून हे आणखी हळू चालवू लागले.

आयडाहोत हमरस्त्यावर वेगमर्यादा ताशी ८० मैल. म्हणजे जवळजवळ १२९ किलोमीटर. ओएमआरवर एवढा वेग फक्त अफवांना असतो. ह्यांनी साठ मैल धरला आणि तो सोडला नाही. अठरा-अठरा चाकांचे ट्रक आम्हाला ओलांडून जात आणि प्रत्येक वेळी गाडी किंचित हलत असे. मी खिडकीतून नंबरप्लेटी वाचत होते. आयडाहोच्या नंबरप्लेटवर ‘फेमस पोटॅटोज’ असं छापलेलं असतं. एखाद्या राज्याने आपल्या बटाट्याचा इतका उघड अभिमान धरावा, हे मला फारच आवडलं. आमच्या सातगाव पठारच्या बटाट्याने काय घोडं मारलंय? एमएच १४च्या खाली तेवढी एक ओळ टाकायला हरकत नसावी.

वेस्ट यलोस्टोन हे गाव मोंटाना राज्यात. उद्यानाचा बहुतेक भाग वायोमिंगमध्ये. फाटकातून आत शिरलो आणि पंधरा-वीस मिनिटांत गाड्यांची रांग लागली. पुढे एक गवा उभा होता. गवा म्हणजे बायसन, आपल्या गव्याचा लांबचा थोराड भाऊ, पुढून केसाळ, मागून अर्धवट हजामत केलेला. वजन नऊशे किलोपर्यंत, आणि मनात आलं तर घोड्याच्या तोडीने धावतो. त्याच्यापासून किमान २५ यार्ड लांब राहायचं, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड, असा नियम. गव्याला हा नियम कुणी वाचून दाखवलेला नव्हता. तो आमच्या गाडीजवळ आला, ह्यांच्या बाजूच्या आरशात स्वतःला नीट बघून घेतलं आणि निघून गेला. इतका वेळ ह्यांचा अंगठा हॉर्नवर होता. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. लग्नानंतर इतका वेळ हातात हात घेऊन बसल्याचं मला आठवत नाही.

मी मूळची संगमेश्वरकडची. आमच्याकडे राजवाडी आणि तुरळला गरम पाण्याची कुंडं आहेत, दापोलीकडे उन्हवऱ्याला आहे, ठाणे जिल्ह्यात अकलोली, गणेशपुरी आणि वज्रेश्वरीला तर आहेतच. त्यामुळे गरम पाण्याच्या बाबतीत मी ह्यांच्यापेक्षा अनुभवी. आपल्याकडे जमिनीतून ऊन पाणी निघालं की शेजारी देऊळ उभं राहतं आणि माणसं पंचा नेसून पाण्यात उतरतात. वज्रेश्वरीला तर खुद्द चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलला होता. १७३९ला वसई हाती आली आणि देवीला देऊळ मिळालं. अमेरिकेत ऊन पाणी निघालं की शेजारी फळ्यांचा रस्ता होतो, त्याला कठडा लागतो आणि कठड्यावर पाटी: उतरू नका, हात लावू नका, काही टाकू नका. पाटीवर एका मुलाचं चित्र असतं, जमिनीच्या पापुद्र्यातून पाय खाली गेलेला. हसण्यावारी नेण्यासारखं नाही ते. वीसहून अधिक माणसं तिथे भाजून गेली आहेत. तरी हात जोडावेसे वाटतात त्याचं काय करायचं? मी पर्स काखेत धरून, कुणाला दिसणार नाही असा नमस्कार करत होते. जवळपास दहा हजार ठिकाणी पाणी उकळतंय, चिखल खदखदतोय, वाफ निघतेय. दुपारपर्यंत हात दुखून आले.

वास मात्र ओळखीचा निघाला. ‘रॉटन एग्ज’ म्हणून बाकीचे लोक नाक धरत होते. मी अंडं खात नाही, त्यामुळे सडलेल्याशी माझा परिचय असण्याचं कारण नाही. मला काळ्या मिठाचा वास आला. दोन्हींत एकच वायू, हायड्रोजन सल्फाइड. मला तर पाणीपुरी आठवली आणि भूक लागली.

भूक लागून उपयोग नव्हता. मोटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावला होता, पण इथे समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर पाणी ९३ अंशालाच उकळतं. उकळतं, उड्या मारतं, आणि तूरडाळ टाळ्या वाजवत बघत राहते. शिजत नाही. शेवटी मेतकूट-भात आणि मुळगापोडी. मेतकुटाची पिशवी गाडीत विसरायची नाही, अस्वलं येतात, अशी तंबी होती. मेतकुटासाठी दार फोडणारं अस्वल निघालं तर ते बहुधा साताऱ्याकडचंच असणार, पण आम्ही पिशवी आत आणली.

आणि मग ओल्ड फेथफुल.

अर्धवर्तुळात बाकडी मांडलेली. शेकडो माणसं. काही वेळाने पडदा वर जाणार अशी सगळ्यांची बैठक. समोर एक पांढरट उंचवटा आणि त्याच्या तोंडातून जराशी वाफ. १८७०मध्ये इथे आलेल्या वॉशबर्न मोहिमेतल्या लोकांनी याला हे नाव दिलं, कारण तो त्यांना न चुकता उसळताना दिसला. आमच्यासमोर पाटीवर वेळ लिहिलेली होती. ह्यांनी वही काढली. शेजारच्या जपानी बाईंनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जी नजर दिली ती बायकांना जगभर समजते.

वेळ झाली. थोडं पाणी उडालं आणि बसलं. लोकांनी ‘आऽऽ’ केलं. पुन्हा थोडं उडालं, पुन्हा बसलं. ‘लॉरी रिव्हर्स घेतेय,’ हे पुटपुटले. आणि मग ते आलं. आवाज आधी आला असं म्हणणार होते, पण नाही, दोन्ही एकदमच. पांढराशुभ्र खांब वर, आणखी वर, तो वर जाऊन थांबेल असं वाटावं आणि त्याच्या आतूनच दुसरा निघावा. तीस मीटरांपासून पंचावन्न मीटरांपर्यंत जातो म्हणतात. म्हणजे आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी त्याने सहज भरली असती, पंपाशिवाय. वाऱ्याने वाफ आमच्या अंगावर आणली. मी कठड्यालगत नव्हते तरी चष्मा धुक्याने भरला. सगळे मोबाइल वर धरून होते, ह्यांच्या हातात घड्याळ होतं.

‘बघा तरी हो वर!’

‘तू बघ. मी मोजतोय.’

हे मोजत होते ते उगाच नव्हे. उद्रेक अडीच मिनिटांच्या आत आटपला तर पुढचा साधारण तासाभराने येतो; जास्त वेळ चालला तर दीड तासाच्या आसपास. जेवढं सांडलं तेवढं भरायला वेळ लागणारच. आमचा चांगला लांबला. ह्यांनी वहीत आकडेमोड केली, पुढची वेळ काढली आणि आत जाऊन फलकाशी ताडून आले. परत येताना चाल बदललेली होती. राष्ट्रीय उद्यान खात्याचा आणि तोरैपाक्कमचा हिशेब जुळला होता.

मग एका फलकावर ह्यांना तो आकडा दिसला. ओल्ड फेथफुल एका वेळी १४ हजार ते ३२ हजार लिटर पाणी फेकतो. ह्यांनी एक क्षण डोळे मिटले. आमची लॉरी १२ हजार लिटरची. ‘म्हणजे सव्वा ते पावणेतीन लॉऱ्या!’ हे इतक्या मोठ्याने म्हणाले की दोन माणसं वळून बघू लागली. ‘दर दीड तासाला! आणि गरम! आणि कमिशन नाही!’

गीझर व्हायला तीन गोष्टी लागतात, उष्णता, पाणी आणि पक्की नळजोडणी. चेन्नईत पहिली मुबलक, दुसरी लॉरीने येते, तिसरीबद्दल कंत्राटदाराशी पत्रव्यवहार चालू आहे. यलोस्टोनच्या पोटात जिवंत ज्वालामुखी आहे, त्याचा शेवटचा महास्फोट साधारण ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी झाला. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खोल झिरपतं, तापतं आणि वर येताना खडकातली सिलिका विरघळवून आणतं. तीच सिलिका वाटेत नळीला आतून लिंपत जाते. म्हणजे गीझर आपली नळजोडणी आपणच करतो, वॉटरप्रूफिंगसकट. नळी अरुंद, वरच्या पाण्याचं ओझं खालच्या पाण्यावर, त्यामुळे खालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी त्याला उकळायची मुभा नसते. मग वरचं थोडं सांडतं, ओझं हलकं होतं, आणि खालच्यातलं थोडं एका झटक्यात वाफ होऊन वरच्याला आकाशात पाठवतं. ओल्ड फेथफुलची नळी एके ठिकाणी जेमतेम चार इंच रुंद आहे. हा आकडा कळल्यावर हे गंभीर झाले. आमच्या गच्चीवरून खाली येणारा पाइपही चार इंचीच आहे आणि त्यातून शेवटच्या मजल्यावर बादली भरायला पाऊण तास लागतो.

कोकणातली कुंडं अशी उसळत नाहीत, कारण तिथे खाली ज्वालामुखी नाही. पाणी खडकाच्या खोल भेगांतून उतरतं, जमिनीच्या पोटातल्या उबेने तापतं आणि मुकाट वर येतं. कोकणी माणसाप्रमाणे नाही, तो उसळतो. पण पाणी मुकाट येतं.

बाईमाणूस म्हणून मला जो प्रश्न पहिल्यापासून पडला होता, तो इथल्या जुन्या लोकांनाही पडला होता हे वाचून बरं वाटलं. इतकं गरम पाणी आहे, तर त्यात कपडे का धुवत नाहीत? धुतले होते. १८८०च्या दशकात इथे आलेल्या सैनिकांनी ओल्ड फेथफुलच्या तोंडात कपडे टाकून ठेवले. उद्रेक झाला की कपडे स्वच्छ होऊन बाहेर. सुती आणि लिनन उत्तम निघाले, लोकरीच्या चिंध्या झाल्या. लोकर गरम पाण्यात घालू नये हे त्यांच्यातल्या एकाच्याही आईने सांगितलं नव्हतं बहुतेक. हँडकरचीफ पूल नावाचं एक लहानसं कुंड होतं, त्यात रुमाल सोडला की आत ओढला जायचा आणि काही वेळाने धुऊन वर यायचा. पर्यटकांचा तो आवडता खेळ. मग १९२०च्या दशकात कुणी तरी त्यात लाकडं कोंबली आणि मशीन बंद पडलं. मॉर्निंग ग्लोरी नावाच्या सुंदर निळ्या कुंडात तर लोकांनी इतकी नाणी, टॉवेल, मोजे टाकले की त्याचा घसा बसला आणि रंग बदलला. १९५०मध्ये मुद्दाम उद्रेक करवून ते सगळं बाहेर काढलं. दिसेल त्या पाण्यात पैसे टाकायची खोड आपलीच आहे असं मला वाटत होतं. निदान आपण मोजे टाकत नाही.

ग्रँड प्रिझमॅटिक नावाचं कुंड शंभर मीटरांहून जास्त रुंद आहे. मध्ये गडद निळं, मग हिरवं, पिवळं, केशरी, तपकिरी. निळ्याभोवतीचे हे रंग कडेच्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. ज्या पाण्यात आपला हात टाकवणार नाही, त्यात हे संसार थाटून बसलेत. थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला १९६६मध्ये इथल्याच एका ऊन झऱ्यात असा एक जिवाणू सापडला. त्याचं एक विकर इतक्या उष्णतेतही काम सोडत नाही, आणि पुढे कॅरी मुलिस यांनी शोधलेली पीसीआर चाचणी त्याच विकराच्या जोरावर जगभर धावली. त्यांना १९९३चं नोबेल मिळालं. म्हणजे २०२०मध्ये आमच्या जिन्यात पीपीई घातलेला मुलगा एकेकाच्या नाकात काडी घालत होता, त्या काडीचं दुसरं टोक इथवर पोचत होतं. मी त्या कुंडाला मात्र उघड उघड हात जोडले. आसपासच्या लोकांनी काय समजायचं ते समजावं.

माझ्या हिशेबाने यलोस्टोन इथे बघून झालं होतं. ह्यांच्या हिशेबाने ते आता सुरू होत होतं, कारण ह्यांना गीझरवाले भेटले.

ही एक जमात आहे. जगातले निम्म्याहून जास्त गीझर यलोस्टोनमध्ये आहेत, आणि त्यांच्या वेळा टिपणं हेच आयुष्याचं काम मानणारी हौशी मंडळी दर उन्हाळ्यात तिथे जमतात. त्यांची संघटनाही आहे. घडीच्या खुर्च्या, रुंद काठाच्या टोप्या, कमरेला वॉकीटॉकी, हातात वही. एकाने लांबून कळवलं, अमुक गीझर ‘सुरू’, की बाकीचे वेळ लिहून घेतात. ग्रँड नावाच्या गीझरसमोरच्या बाकड्यांवर यांचा अड्डा होता. ह्यांनी त्यांच्या वह्या बघितल्या. नाव, अंदाजी वेळ, प्रत्यक्ष वेळ, किती मिनिटं, शेरा. ह्यांनी पिशवीतून आपली फुलस्केप काढली. कुंभमेळ्यात हरवलेली भावंडं भेटल्यावर होतं ते सगळं झालं, फक्त गाणं तेवढं झालं नाही.

ग्रँड हा वेळेचा अंदाज करता येणाऱ्या गीझरांमधला सगळ्यात उंच. पण ओल्ड फेथफुलसारखा सरळ स्वभावाचा नाही. याच्या शेजारी टर्बन नावाचा धाकटा गीझर आहे. तो साधारण दर वीस मिनिटांनी उसळतो आणि ग्रँडला निघायचं असेल तर तो टर्बनच्या सुरुवातीलाच निघतो. नाही निघाला तर पुन्हा वीस मिनिटं. म्हणजे दर वीस मिनिटांनी सगळे ताठ बसतात, दुर्बिणी वर जातात, श्वास रोखले जातात, टर्बन उसळतो, ग्रँड तसाच, आणि सगळे सैल पडतात. चार वाजता बसलो होतो, सूर्य खाली गेला. मी सोबत आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या वाटल्या. एका धिप्पाड गृहस्थांना त्या फार आवडल्या. त्यांनी वहीत पुरीचं नाव लिहून घेतलं, बहुधा वेळेसकट.

ह्यांची मुख्य बोलणी वॉकीटॉकीवाल्या बाईंशी चालली होती. सत्तरीच्या असाव्यात. त्या ह्यांना स्टीमबोटबद्दल सांगत होत्या. स्टीमबोट हा जगातला सगळ्यात उंच चालू गीझर, नव्वद मीटरांच्याही वर जातो. एकदा १९११पासून पन्नास वर्षं झोपला होता. २०१८ला पुन्हा मनावर घेतलं आणि २०१९मध्ये तर ४८ वेळा उसळला. कधी उसळेल ते कुणालाही सांगता येत नाही. लोक दिवस दिवस बसून राहतात. ‘पन्नास वर्षं!’ हे भारावून म्हणाले. मग ह्यांनी २०१९च्या आमच्या उन्हाळ्याबद्दल सांगितलं. कोरडे जलाशय, पाण्याची रेल्वे, रात्री दीड वाजता आलेली लॉरी आणि गच्चीवर टॉर्च घेऊन उभे राहिलेले सत्तावीस फ्लॅटधारक. बाई डोळे विस्फारून ऐकत होत्या. ‘आणि अंदाज कसा बांधायचात?’ त्यांनी विचारलं. ह्यांनी सांगितलं, आधीची लॉरी किती उशिरा आली त्यावरून. बाईंनी समजून मान हलवली. त्यांचंही शास्त्र तेच होतं.

टर्बन उसळला. ग्रँड थरथरला. यावेळी खरंच निघाला, आणि कसा! ओल्ड फेथफुलचा खांब सरळ होता. याचे फवारे फुटून फुटून वर जात होते, थांबत होते, आणि आता संपलं म्हणून लोक टाळ्या वाजवायला लागले की पुन्हा. दहा मिनिटं चाललं. गीझरवाले उभे राहून ओरडत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. ह्यांनी पहिल्यांदाच घड्याळ खिशात टाकलं होतं. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही.

सगळं शांत झाल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. इतका वेळ त्यांनी माझी चौकशी केली नव्हती, त्याची भरपाई म्हणून असेल. तुमच्या गावाकडे असं काही आहे का, असं विचारलं. मी वाटच बघत होते. मी राजवाडीचं सांगितलं. दाट झाडी, कौलारू देऊळ, दगडी कुंड. कठडा नाही, पाटी नाही. पहाटे पंचा घेऊन जायचं आणि खुशाल उतरायचं. तिकीट नाही. बाईंचे डोळे चमकले. त्यांनी वहीचं नवं पान काढलं, ‘रत्नागिरी’चं स्पेलिंग विचारून घेतलं, त्याखाली ‘राजवाडी’ लिहिलं आणि पेन्सिल रोखून विचारलं,

‘इंटरव्हल किती?’

मी म्हटलं, इंटरव्हल नाही. पाणी चालूच असतं. आमच्या आजीच्या आजीच्या काळापासून, दिवसरात्र.

‘ओह,’ बाई म्हणाल्या आणि वही मिटली.

मला जरा लागलं. गाडीकडे परत येताना मी ह्यांना म्हटलंसुद्धा, एवढं कौतुकाने सांगितलं आणि बाईंनी एक प्रश्नसुद्धा पुढे विचारला नाही. हे वायपर चालू करून गाडी मागे घेत होते.

‘तू तरी काय,’ हे म्हणाले, ‘चोवीस तास पाणी असलेल्या लोकांशी बोलायचं तरी काय गं माणसाने?’